शांतता विभागातली एक निवृत्ती

सन २०२३. नोकरीत असलेला माणूस निवृत्तीची वाट पाहतो आणि निवृत्त माणूस नोकरीची. या दोन वाटांच्या मध्ये जो एक दिवस येतो, त्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देण्याची पद्धत आहे. ज्याला आता कुठेही वेळेवर पोचायचं नाही त्यालाच घड्याळ द्यावं, यामागे आपल्या औद्योगिक परंपरेचा काही खोल विचार असणार. तो अजून कोणाला सापडलेला नाही.

त्या वर्षीच्या जून महिन्यात कुरकुंभच्या इंद्रायुध केमिकल्समधून सॅमसन मकासरे हे प्लँट ऑपरेटर तीस वर्षांची सेवा पूर्ण करून, असं घड्याळ काखेत धरून दौंडला आपल्या घरी आले. तिसांतली बहुतेक वर्षं त्यांनी रात्रपाळी केली होती. रात्रपाळीत ते कधीही झोपलेले सापडले नाहीत. (झोपले नाहीत असं कोणी लिहून दिलेलं नाही. सापडले नाहीत, एवढंच.)

रात्रपाळी करणारा माणूस दिवसा झोपतो, हे सर्वांना ठाऊक असतं. त्याला झोपता यावं म्हणून दिवसभर दुसऱ्या कोणालातरी पाळी करावी लागते, हे तितकंसं ठाऊक नसतं. मकासऱ्यांच्या घरी ही दुसरी पाळी त्यांच्या पत्नी मरियमबाई करत.

कामाचं स्वरूप साधं होतं. मकासरे सकाळी आठला पडत ते चारला उठत. तेवढ्या वेळात घरात आवाज करायचा नाही. आतल्या खोलीच्या दाराला काळा पडदा. दाराच्या बेलची वायर काढलेली. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, ती होणार असं वाटलं की कुकर उतरवायचा (हा क्षण ओळखायला साधारण दोन वर्षं लागतात). भांडी टॉवेलवर पालथी घालायची. मिक्सर काखेत मारून शेजारी पुतळाबाईंकडे न्यायचा आणि वाटण घेऊन परत यायचं. दूधवाल्याने हाक मारायची नाही, नुसतं दारापुढे उभं राहायचं, म्हणजे केव्हातरी दार उघडतं. मुलीला, शॅरनला, रडायचं असेल तर तिने पुतळामावशीकडे जाऊन रडायचं आणि झालं की घरी यायचं. शॅरन आता पुण्यात एका ग्रंथालयात नोकरीला आहे आणि वरिष्ठ तिच्या कामावर फार समाधानी आहेत.

या सगळ्यात एक गोष्ट बसत नव्हती. मरियमबाई शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेल्या. लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये खालच्या पट्टीचा आवाज त्यांचा. त्या गायला लागल्या की बाहेर टांग्याची घोडी कान टवकारायची, असं त्यांचे वडील सांगत. (वडिलांना घोड्यांची पारख होती, गाण्याची नव्हती. म्हणून साक्ष विश्वासार्ह मानावी.) लग्नानंतर त्या दौंडच्या कॉयरमध्ये पहिल्या रांगेत उभ्या राहू लागल्या. आवाज घरी घासावा लागतो, आणि घरी तर भांडीसुद्धा घासायला बंदी होती. दर नाताळात त्या एकेक रांग मागे सरकत गेल्या. शेवटी मागे भिंत आली.

सेंड-ऑफच्या संध्याकाळी मकासरे म्हणाले, "शॅरनची आई, सुटलो बघ. आता दिवसही माझा. मी रात्री झोपणार."

पहिलं वर्ष मकासऱ्यांच्या शरीराला निवृत्तीचं पत्र पोचलं नव्हतं. ते रात्रभर टक्क जागे राहत आणि सकाळी आठला आपोआप आडवे होत. मरियमबाईंनी हेही वर्ष पाळीत धरलं. पुढच्या पावसाळ्यात मात्र मकासरे रात्री झोपू लागले. त्याच सुमारास चर्चच्या हॉलचे पत्रे बदलायला काढले (काढले होते, बसवायचे अजून ठरत होते), आणि नाताळच्या गाण्यांचा सराव कुठे करायचा असा प्रश्न कॉयरच्या प्रमुख अनिताबाईंपुढे पडला. मरियमबाई पटकन म्हणून गेल्या, "आमच्याकडे या. दुपारी दोन ते चार. घर मोकळं असतं."

बायका अकरा होत्या. मरियमबाईंनी पडदा काढून धुतला, घडी करून ट्रंकेत ठेवला. बेलची वायर जोडली आणि कोणी नसताना स्वतःच बाहेर जाऊन दोनदा वाजवून पाहिली.

नेमकं त्याच आठवड्यात मंडळाचं काम जोरात आलं.

मंडळाचं पूर्ण नाव 'इंद्रायुध निवृत्त कामगार स्नेहसंपर्क व कार्यस्थळ वारसा संवर्धन मंडळ, दौंड'. शिरूरला एक शाखा. अध्यक्ष हौसराव आप्पा. टाइम ऑफिसचे निवृत्त सुपरवायझर, मांडवगण फराट्याला ऊस आणि दौंडला घर. उद्दिष्टं दोन. पहिलं, सभासदांनी एकमेकांच्या संपर्कात राहणं. हे मोबाइलच्या ग्रुपवर पहिल्याच महिन्यात साध्य झालं. सभासदांनी एकमेकांना चार हजारांवर सुप्रभात पाठवल्या, त्यातल्या निम्म्या एकाच गुलाबाच्या होत्या. एक सभासद वारला त्या दिवशीही त्याच्या नंबरवरून सुप्रभात आली. ती मुलाने पाठवली होती. परंपरा खंडित होऊ नये, हा हेतू.

दुसरं उद्दिष्ट वारसा. कंपनी विकली गेली होती. नव्या मालकांनी नाव बदललं आणि जुनं सामान भंगारात काढलं. मंडळाने ते पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत आणून मांडलं. कार्ड पंच करायचं मशीन, पाळी बदलायचा भोंगा, कँटीनचं बाक, आणि 'विनाकारण रेंगाळू नये' असा बोर्ड. या बोर्डाखाली सभासद रोज दुपारी चार तास बसत. शिरूर शाखेच्या वाट्याला कंपनीच्या बसचं एक सीट आलं. त्यावर खिडकीकडे कोणी बसायचं यावरून शाखेत दोन गट पडले आणि शाखेचं कार्य सुरू झालं.

उद्घाटनाच्या भाषणात हौसराव आप्पा म्हणाले, "आपल्या इनामगावात घोड नदीकाठी तीन हजार वर्षांपूर्वीची मडकी निघाली. मोठी मोठी माणसं उकरायला आली. माझं म्हणणं येवढंच हाय, त्या लोकांनी मडकी येळच्या येळी नीट ठिवली असती, तर उकरायची पाळी आली असती का?"

यावर टाळ्या पडल्या. म्हणून पुढची पायरी ओघाने आली. वस्तू जपल्या, पण वस्तू म्हणजे वारसा नव्हे, पद्धत म्हणजे वारसा. पंचिंग मशीन आहे तर ते पंच व्हायला हवं. पंच व्हायचं तर ड्यूटी हवी. आणि इतकं मौल्यवान सामान रात्री एकटं सोडता येत नाही, म्हणून तीन पाळ्या. भोंग्याबद्दल गिरणीवाल्याने तक्रार केल्यामुळे भोंगा रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवण्यात येऊ लागला. तो ऐकला की प्रत्येकाने आपापल्या घरी दचकायचं.

पद्धती एकदा यायला लागल्या की एकेकट्या येत नाहीत. उशिरा येणाऱ्यांना मेमो मिळू लागले. उद्धट बोलणाऱ्यांची बदली शिरूर शाखेत होऊ लागली. युनियनचे जुने पुढारी जालिंदर, म्हणजे पुतळाबाईंचे यजमान, यांनी युनियन स्थापन केली आणि आठवड्याभरात संप पुकारला. मागणी काय, हे दुसऱ्या दिवशी ठरलं. चहाचे कप लहान आहेत. हौसराव आप्पांनी मागणी फेटाळली आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "लई वर्षांनी बरं वाटलं बघ."

रात्रपाळीसाठी मात्र एकच नाव पुढे आलं आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं.

त्या संध्याकाळी मकासरे घरात इकडून तिकडे फिरत होते. "अगं, पडदा कुठाय?"

"कसला पडदा?"

"काळा. आपला." मग खाली बघून म्हणाले, "आप्पांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. नाही कसं म्हणायचं? रात्रपाळीचा वाघ म्हणाले मला."

"आणि माझ्या बायका यायच्यात त्या?"

"त्यांना सांग, जरा हळू गा."

अकरा बायकांनी हळू गायचं कसं, याचा मरियमबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. मग ट्रंक उघडून पडदा काढला, बेलची वायर सोडली आणि मिक्सर काखेत मारून पुतळाबाईंकडे गेल्या. अनिताबाईंना कळवल्यावर त्यांचा निरोप आलेलाच होता. घर नसेल तर यंदा तीनच गाणी घेऊ, आणि खालची पट्टी वगळू.

"तुझा राती जातुया," पुतळाबाई म्हणाल्या, "आन् माझा संपावर हाय. रिटायर हून संपावर! म्या इचारलं, कवा मिटायचा? तर म्हनला, मिटला तर करू काय?"

मरियमबाई हसल्या नाहीत. मिक्सर चालू झाला तरी त्या हळूच बोलत होत्या. "पुतळा, मी एकोणसाठाव्या वर्षात आहे. आणखी एक नाताळ गेला ना, तर मला आता गाता येतं का, हेच मला कळायचं नाही."

"आं? मोठ्यानं बोल की, माझ्या घरी कोन झोपलंय!"

दुसऱ्या दिवशी मरियमबाई गिरणीचा जिना चढून गेल्या. हौसराव आप्पा टेबलाशी बसले होते.

"या वहिनी. गेटपास?"

"आप्पा, ह्यांना दिवसाची पाळी द्या."

"मकासऱ्यांना?" आप्पांना खरंच वाईट वाटलं. "अहो, टाइम ऑफिसात जन्म गेला माझा, असा रात्रीचा मानूस न्हाई बघितला. त्यांना दिवसा बसवलं तर त्यो वारसा व्हईल का? जसं हुतं तसंच ठिवायचं, ह्ये मंडळाचं धोरण हाय."

"आणि दिवसा घरात चिडीचूप कोणी बसायचं?"

"तुम्हीच की. पहिल्यापासून तुम्हीच बसायचा. त्यो बी वारसाच हाय, वहिनी. तुमच्याबिगर रात्रपाळी चालली असती व्हय? कंपनीचंच काम केलंत तुम्ही."

हे वाक्य तीस वर्षांत मरियमबाईंना कोणी म्हटलं नव्हतं. त्या समोरच्या कँटीनच्या बाकावर बसल्या.

"कंपनीचं काम? कुठल्या खात्यात?"

माणसाला खात्याविना सोडणं आप्पांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "शांतता विभाग."

"आप्पा, मला अठ्ठावन्न पूर्ण होऊन चार महिने झाले."

आप्पांनी डोळे उघडले. टाइम ऑफिसच्या नोकरीत त्यांनी अठ्ठावन्नच्या पुढचा माणूस एक दिवससुद्धा गेटच्या आत घेतला नव्हता. स्वतःच्या मेव्हण्याला त्यांनी वाढदिवसाच्या सकाळी केक हातात देऊन गेटवरून परत पाठवलं होतं.

"चार म्हैने? आन् तुम्ही ड्यूटीवर?"

"रोज."

"कुनाच्या परवानगीनं?"

"तुमच्याच. आता म्हणालात ना, बसा म्हणून."

आप्पांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी त्याच दुपारी कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली.

इथे मंडळाची एक गुप्त व्यथा सांगितली पाहिजे. मंडळाने सगळी परंपरा जपली होती. पाळ्या होत्या, मेमो होते, संप होता. पण सेंड-ऑफ नव्हता. सगळेच निवृत्त, तेव्हा निवृत्त करायचं कोणाला? हारवाल्याची ओळख वाया चालली होती. ठरलेली भाषणं ठरलेल्या माणसांच्या पोटात वर्षभर पडून होती. अशा अवस्थेत एक जिवंत, वय झालेली, अद्याप निवृत्त न झालेली व्यक्ती दौंडमध्येच सापडली, ही बातमी आली तेव्हा दोघा-तिघांचे डोळे भरून आले.

संपावर असलेले जालिंदर संपाचा बिल्ला लावून बैठकीला आले आणि त्यांनी हरकत घेतली. निवृत्त फक्त कायम कामगार होतो. मरियमवहिनी तीस वर्षं तात्पुरत्या होत्या. हा अन्याय आधी दूर व्हावा. मुद्दा बिनतोड होता. त्यामुळे पुढच्या शनिवारी सकाळच्या सत्रात मरियमबाईंना सेवेत कायम करण्यात आलं आणि जेवणानंतरच्या सत्रात निवृत्त. मधल्या वेळात त्या कायम कामगार म्हणून जेवल्या.

भाषणं पाच झाली. पाचही पूर्वी इतरांसाठी केलेली होती, त्यामुळे चांगली बसली होती. मरियमबाईंनी प्लँट नंबर दोनच्या उभारणीत मोलाचा वाटा उचलला, असं दोन वक्त्यांनी सांगितलं. शेवटी 'दोन शब्द' बोलायला मकासऱ्यांना उभं करण्यात आलं.

"मी तीस वर्षं ह्यांच्या हाताखाली झोपलो," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. "पण ह्यांचं काम बघायचा योग काही आला नाही. मी झोपलेलो असायचो. तक्रार मात्र कधी आली नाही." ते बसले. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उठले. "तक्रार करायची तर कोणाकडे, हे घरात ठरलेलं नव्हतं म्हणा."

सत्काराला उत्तर मरियमबाईंनी दिलं. ते पहिल्या रांगेच्या पलीकडे कोणाला ऐकू गेलं नाही. मागच्यांनी नम्रता समजून टाळ्या वाजवल्या.

सोमवारी दुपारी दोन वाजता अकरा बायका आल्या. मकासरे रात्रपाळी करून आत झोपले होते. रात्रपाळी चालूच होती, निवृत्त फक्त शांतता झाली होती. सगळ्यांनी चपला हातात घेऊन उंबरा ओलांडला. पुतळाबाई मजा बघायला म्हणून आधीच येऊन बसल्या होत्या.

"आत झोपलेत?" अनिताबाईंनी खुणेनेच विचारलं.

"गा की, बया!" पुतळाबाई म्हणाल्या. "ही रिटायर झालीया. परवा हार घातलाय म्या सोता!"

पहिली ओळ कुजबुजीत गेली. दुसऱ्या ओळीला खालची पट्टी यायची होती. मरियमबाईंनी तोंड उघडलं. आधी नुसता वारा आला, मग खरखर, आणि मग कुठून तरी खालून, फार दिवस बंद असलेल्या खोलीतून यावा तसा, आवाज आला. तो बरोबर पट्टीत नव्हता. पण होता. अनिताबाईंनी पेटीचा भाता दाबून धरला आणि गाणं पुढे नेलं. कडव्याच्या शेवटी अकराही जणी काळ्या पडद्याकडे बघत थांबल्या.

पडद्याआडून घोरण्याचा आवाज आला.

त्यांनी दुसरं गाणं घेतलं, मोठ्याने. मग तिसरं, टाळ्यांसह. घोरणं चालूच. शेवटी पुतळाबाई उठल्या, स्वयंपाकघरातून परात आणली आणि पडद्याच्या तोंडाशी फरशीवर सोडून दिली. परात बराच वेळ गिरक्या घेत राहिली. घोरण्याची लय मोडली नाही.

"मरियम," पुतळाबाई म्हणाल्या, "ह्यो बाबा तर ओंडक्यागत झोपतुया गं! कवापास्नं?"

मरियमबाईंनी परात उचलून कपाटावर ठेवली. तीस वर्षांत एकदाही चाचणी घेण्यात आली नव्हती.

चारला मकासरे उठले. मरियमबाईंनी चहा दिला आणि विचारलं, "दुपारी काही ऐकू आलं?"

"नाही. का? कोण आलं होतं?"

"तुम्हाला आवाजाने जाग येते ना?"

"मला? मी कधी म्हटलं असं?"

मरियमबाईंनी आठवून पाहिलं. खरंच, त्यांनी म्हटलं नव्हतं. नोकरी लागली त्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, पोराची झोप मोडू नकोस. सासूबाईंनी हे पोराला विचारून म्हटलं नव्हतं.

"मग घरात एवढं गप्प का असतं, हे तुम्हाला कधी वाटलं नाही?"

मकासऱ्यांनी बशीतला चहा फुंकला. "वाटायचं. पण म्हटलं, तुला शांत आवडत असेल. म्हणून तर म्हटलं, बायकांना हळू गायला सांग."

पुढची हकीगत थोडक्यात.

मरियमबाईंचा सत्कार पाहून सभासदांच्या पत्नींचे निवृत्तीचे अर्ज येऊ लागले. पहिला पुतळाबाईंचा. त्यात त्यांनी 'संपकाळातील अखंड सेवा' असा उल्लेख केला होता. अर्ज चाळीसच्या पुढे गेले तेव्हा मंडळाने विशेष सर्वसाधारण सभा घेऊन ठराव केला, की शांतता विभाग ही अत्यावश्यक सेवा असून तिला निवृत्तीचं वय लागू नाही, आणि मकासरे प्रकरण हा पायंडा मानू नये. ठराव एकमताने मंजूर झाला. (पत्नी सभेला हजर होत्या. आत चहा करत होत्या.)

हौसराव आप्पांची पुढे शिरूर शाखेत बदली झाली. ती त्यांनी स्वतःच स्वतःच्या सहीने केली, कारण बसच्या सीटचा वाद चिघळला होता. ते आता खिडकीकडे बसतात.

जालिंदर यांची मागणी मान्य होऊन मोठे कप आले. त्यांनी कपांच्या रंगावरून दुसरा संप पुकारला, तो चालू आहे. पुतळाबाईंनी ठराव जुमानला नाही. त्या शिरूरला बहिणीकडे महिनाभर राहून आल्या आणि जालिंदर चहा करायला शिकले. कप ते लहानच घेतात.

मकासरे अखेर एका रात्री पंचिंग मशीनशेजारी झोपलेले सापडले. त्यांना निलंबित करून चौकशी लावण्यात आली. कंपनीच्या परंपरेत चौकशी कधी पूर्ण होत नाही आणि ही परंपरा मंडळाने विशेष काटेकोरपणे जपली आहे. त्यामुळे ते रात्री घरी असतात, गरम जेवतात आणि जेवताना बोलतात.

मरियमबाईंचा आवाज सगळा परत आला नाही. वरचा भाग गेला तो गेला, पण खालची पट्टी शाबूत निघाली. गेल्या नाताळात त्या भिंतीपासून दोन रांगा पुढे उभ्या होत्या. या वर्षी दुसऱ्या बाजूच्या घरात एक नवं जोडपं राहायला आलं. नवरा कुरकुंभला रात्रपाळीला जातो. एका दुपारी सराव चालू असताना त्याची बायको सुलक्षणा दारात येऊन उभी राहिली. बेल वाजवली नाही, हाक मारली नाही, नुसतं ओठांवर बोट ठेवलं. मरियमबाईंनी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि कपाटावरची परात काढून तिच्या हातात ठेवली. पोरगी परात छातीशी धरून घरी गेली. अजून तिने ती पाडलेली नाही.

ही हकीगत आपण एका बैठकीत, मध्ये कोणी न उठवता वाचली असेल, तर आपल्याही घरातला शांतता विभाग व्यवस्थित चालू आहे असं समजावं. त्या विभागात कोण आहे, किती वर्षं आहे आणि कायम झालं आहे का, याची माहिती मंडळाकडे नाही. आपल्याकडे असायला हरकत नव्हती.